गळ्यापासून सुरुवात: खान्देशातल्या धर्मग्रामात तरुणांची प्रार्थना-संध्या कशी उभी करावी

नंदुरबार जिल्ह्यातल्या आमच्या कॅथलिक धर्मग्रामात (पॅरिश, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली मंडळी) पहिली युवा संध्या घेतली तेव्हा तयारी जय्यत होती. दोन मोठे स्पीकर, भाड्यानं आणलेला कीबोर्ड आणि लॅपटॉपवर चार इंग्रजी गाणी. सत्तावीस जण आले. दुसऱ्या ओळीत पाड्यावरची बारावीतली एक मुलगी बसली होती. तिच्या पायाचा अंगठा शहाबादी फरशीवर ताल धरत होता, अगदी बरोबर, एकदाही न चुकता. पण ओठ मिटलेले. तिच्याच नाही, निम्म्या मुलांचे मिटलेले. मला वाटलं, लाजतात. फादरांना वाटलं, इंग्रजी जमत नसेल. चहा वाटताना मी तिला विचारलं तर ती म्हणाली, "दादा, गाणं येतं मला, मोबाइलात आहे माझ्या. पण तिथं वर माझा आवाजच जात नाही."

दुसऱ्या दिवशी पेटी घेऊन बसलो आणि तेच गाणं चार सूर खाली आणलं. पुढच्या संध्येला ती गायली. तिच्या शेजारच्या तिघीही गायल्या.

त्यानंतरच्या वर्षांत जे शिकलो ते इथं क्रमानं मांडतो आहे. माझं म्हणणं एकच आहे: तरुण गाणं ऐकायला चर्चमध्ये येत नाहीत. ऐकायला त्यांच्या खिशात मोबाइल आहे. चार जणांत बसून स्वतःच्या गळ्यानं प्रार्थना करता आली तर ते येतात आणि टिकतात. म्हणून सुरुवात सामानापासून नको, गळ्यापासून हवी.

आधी वही काढा

खान्देश म्हटलं की बाहेरच्यांना सगळं एकच वाटतं. प्रत्यक्षात भुसावळचा धर्मग्राम आणि धडगावकडचा धर्मग्राम यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. भुसावळला रेल्वे आणि ऑर्डनन्स फॅक्टरी यांच्यामुळे गोवा, तामिळनाडू, केरळ इथली कुटुंबं आली. त्यांची मुलं इंग्रजी माध्यमातली, घरी हिंदी-इंग्रजी बोलणारी. जळगाव-धुळ्यात वसतिगृहात राहून शिकणारे, नर्सिंग करणाऱ्या मुली, पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणारे. नंदुरबार जिल्ह्यात घरात भिली, मावची, पावरी नाहीतर कोकणी (गोव्याची नव्हे, कोकणा आदिवासींची), शाळेत मराठी आणि नवापूरच्या बाजूला गुजरातीही कानावर पडलेली. अहिराणी तर सगळीकडेच.

म्हणून पहिले दोन महिने कार्यक्रम घेऊ नका. एक वही करा, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) झाल्यावर दारात उभे राहा, अठरा ते पस्तीस वयाच्या प्रत्येकाशी दोन मिनिटं बोला. वहीत नावापुढे चार रकाने पुरतात: घरची भाषा, काय करतो, काय वाजवता किंवा गाता येतं, आणि वर्षातले कोणते महिने गावात असतो. हा शेवटचा रकाना बहुतेक जण विसरतात. आपल्याकडे त्याच्याइतका महत्त्वाचा दुसरा नाही.

कारण उघड आहे. दिवाळी उरकली की सातपुड्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला निघतात. कुणी गुजरातेत, कुणी पश्चिम महाराष्ट्रात. परततात ती उन्हाळ्यात. पोप फ्रान्सिस यांनी २०२० मध्ये जाहीर केलं आणि २०२१ पासून धर्मप्रांतांतला (एकेका बिशपांच्या अखत्यारीतल्या भागांतला) युवा दिन ख्रिस्तराजाच्या सणाला, म्हणजे नोव्हेंबरात आला. तो दिवस पाळायलाच हवा, पण आमच्या भागात त्या दिवशी निम्मी मुलं कोयता घेऊन दुसऱ्याच्या फडात असतात. वर्षाचा मोठा मेळावा नोव्हेंबरात ठेवला तर सगळ्यात गरजवंत तरुण कायमचे बाहेर राहतात. आम्ही मोठा मेळावा जूनच्या सुरुवातीला घेतो, पेरणीच्या आधी. नोव्हेंबरात एक छोटी संध्या, आणि ती निघालेल्यांना निरोप द्यायला.

होळीचंही लक्षात ठेवा. भोंगऱ्या बाजार (होळीआधीचा आदिवासींचा बाजार) आणि होळी जवळजवळ दर वर्षी उपवासकाळात (ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत) येतात. त्या आठवड्यात कार्यक्रम ठेवून मुलांनी बाजार सोडावा असा हट्ट धरू नका. आठवडाभर आधी किंवा नंतर घ्या. फेब्रुवारी-मार्च बारावीच्या परीक्षेचा. एप्रिल-मे लग्नसराईचा आणि जळगाव-भुसावळला ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या उन्हाचा, तेव्हा उन्हाळ्यात काही घ्यायचं तर दिवे लागल्यावर.

पाच-सहा जणांचा गाभा

वहीतून पाच-सहा जण निवडा. गाणारे सगळे घेऊ नका. एक चांगला गाणारा, एक वाजवणारा, एक जण ज्याला सगळे नावानं ओळखतात, एक हिशेब ठेवणारी, आणि निदान एक जण पाड्यावरचा असलाच पाहिजे. मुली निम्म्या. फादर आणि सिस्टर यांना सुरुवातीपासून बसवा, परवानगी मागायला शेवटी जाऊ नका. नाशिक धर्मप्रांत १९८७ मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला आणि जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे त्यातच येतात. त्यामुळे धर्मप्रांताच्या युवा संचालकांना एक पत्र पाठवून ठेवा. शिबिरं, वक्ते, पुस्तकं यांची माहिती तिथून मिळते.

गाभ्यानं दर आठवड्याला अर्धा तास स्वतः प्रार्थना करायची. येत्या रविवारचं शुभवर्तमान (बायबलमधला येशूच्या चरित्राचा उतारा) वाचायचं, थोडं शांत बसायचं, एक गाणं वाद्याशिवाय म्हणायचं. हे झालं नाही तर ते कॉयर होईल, युवा गट होणार नाही.

लाल वही आणि निळी वही

आता सगळ्यात जास्त भांडणं जिथं होतात तिथं येऊ. तरुणांना ड्रमवर गायचं असतं, म्हाताऱ्यांना ते देवळात नको असतं, आणि फादर मधे अडकतात. यावर आम्ही दोन वह्या केल्या. लाल वहीत मिस्साची गाणी, निळ्या वहीत संध्येची. निळ्या वहीतलं गाणं लाल वहीत जायचं असेल तर गाभा आणि फादर दोघांची संमती लागते. त्या दिवसापासून भांडणं थांबली, कारण वाद चवीवर न होता जागेवर व्हायला लागला.

लाल वहीचे नियम आपण ठरवायचे नसतात, ते चर्चनं ठरवलेले आहेत आणि फार अवघडही नाहीत. मिस्सातली ठरलेली गीतं, म्हणजे महिमागीत, 'पवित्र, पवित्र, पवित्र' आणि 'देवाच्या कोकरा', यांचे शब्द बदलायचे नाहीत. चाल नवी चालेल, शब्द मान्यताप्राप्त तेच. त्यांच्या जागी त्याच आशयाचं दुसरं आवडतं गाणं घालायचं नाही. पहिल्या वाचनानंतरच्या प्रतिसाद स्तोत्राच्या जागी भक्तिगीत चालत नाही, कारण ते स्तोत्र हा देवशब्दाचाच भाग आहे. उपवासकाळात आलेलुया नाही. आगमनकाळ (नाताळाआधीचे चार आठवडे) आणि उपवासकाळ यांतल्या रविवारी महिमागीत नाही. उपवासकाळात वाद्य फक्त गाण्याला आधार देण्यापुरतं, नुसतं वाजवायचं नाही. मोकळीक मिळते ती प्रवेशगीत, अर्पणगीत, कम्युनियन (पवित्र भाकर घेण्याची वेळ) आणि शेवटच्या गाण्यात. आधुनिक ख्रिस्ती संगीतातलं चांगलं गाणं आणायचं तर त्याची जागा तिथं.

वाद्यांबद्दल ज्येष्ठांचा विरोध हटवादी नसतो, त्याला इतिहास आहे. १९०३ मध्ये पोप दहावे पायस यांनी चर्चमध्ये पियानो आणि ढोल-झांजांसारखी वाद्यं चक्क बंद केली होती. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं (जगभरच्या बिशपांच्या सभेनं) उपासनेवरचा दस्तऐवज दिला. त्यात लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला मान द्यावा असं स्पष्ट म्हटलं आणि इतर वाद्यांना स्थानिक धर्माधिकाऱ्यांच्या संमतीनं दार उघडलं. पुढे ५ मार्च १९६७ च्या पवित्र संगीतावरच्या सूचनेनं एक कसोटी दिली: जे वाद्य लोकांच्या मनात फक्त करमणुकीशी जोडलेलं आहे ते उपासनेत नको. भारतात १९६९ मध्ये मिस्सा भारतीय पद्धतीनं करण्याच्या बारा मुद्द्यांना मान्यता मिळाली आणि जमिनीवर बसणं, आरती अशा गोष्टी मिस्सात आल्या. म्हणजे आपली आजी ज्या काळात वाढली त्या काळात आणि आपल्या काळात नियमच वेगळे होते. हे तिला नीट समजावून सांगितलं की ती ऐकते, असा माझा अनुभव आहे.

ही कसोटी आपल्याकडे कशी लावायची? आमच्याकडे ढोल लग्नात वाजतो, होळीत वाजतो आणि डोंगरातल्या पूजेतही वाजतो. म्हणून आम्ही पाड्यावरच्या चार वडीलधाऱ्यांना बोलावून विचारलं की देवाच्या दारात कोणता ठेका शोभेल. त्यांनी स्वतः वाजवून दाखवला, संथ, मिरवणुकीचा. तो प्रवेशाला आणि अर्पणाला वाजतो. बाकी मिस्साभर ढोल गप्प. हे सगळीकडे असंच करा असं मी म्हणणार नाही, तुमच्या फादरांचा आणि बिशपांचा शब्द शेवटचा. पण विचारायला मात्र जा.

गाणं निवडताना

आधुनिक ख्रिस्ती संगीत ज्याला म्हणतात ते १९६० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत, मुख्यतः कॅलिफोर्नियात तरुणांच्या प्रार्थना-चळवळीतून पुढे आलं. रॉकच्या अंगानं वाढलं. बहुतेक गाणी प्रॉटेस्टंट मंडळ्यांतून आली आहेत, आणि नवापूर भागात तशा मंडळ्या पिढ्यान्‌पिढ्या असल्यानं आपल्या मुलांनी ती शेजारी ऐकलेलीच असतात. कॅथलिक गीतकारही आहेत. मॅट माहर त्यांतले ठळक. केरळमध्ये जन्मलेल्या जीझस यूथ चळवळीला २०१६ मध्ये व्हॅटिकनची मान्यता मिळाली, तिच्यातूनच रेक्सबँड हा वाद्यवृंद आला. दुसऱ्या मंडळीचं गाणं म्हणजे वाईट, असं अजिबात नाही. पण पारखून घ्यावं.

पारखताना आम्ही कागदावर शब्द लिहून मोठ्यानं वाचतो, चालीशिवाय. चाल काढून घेतली की शब्द उघडे पडतात. हेच वाक्य जसंच्या तसं प्रेयसीला म्हणता येईल का? येत असेल तर बाजूला ठेवतो. सगळं गाणं 'मी, माझं, मला' असंच आहे की कुठं 'आम्ही' पण येतं? ज्याचा कापूस यंदा बोंडअळीनं गेला, त्याच्या शेजारी बसून हे गाता येईल का? 'देव तुला भरभराट देईल' असं वचन देणारी गाणी या प्रश्नावर गळून पडतात, आणि गळायलाच हवीत. शेवटी, पवित्र साक्रामेंतासमोर (मिस्सात पवित्र केलेल्या भाकरीसमोर) गायचं असेल तर ख्रिस्त तिथं खरोखर आहे या श्रद्धेशी शब्द जुळतात का, नुसती आठवण म्हणून तर बोलत नाहीत ना. शंका आली तर सिस्टरांना दाखवा.

मग पट्टी. ही गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून जरा थांबून सांगतो. रेकॉर्डवरचं गाणं एका कसलेल्या गायकाच्या आवाजात असतं. कडवं खालच्या सुरात आणि ध्रुवपद एकदम वर उडी मारून. ऐकायला फार छान, पण चाळीस जणांनी मिळून म्हणायला अशक्य. पेटीवर मधल्या सप्तकातल्या पांढरी एकपासून (इंग्रजीत C) वरच्या पांढरी एकपर्यंत, फार तर पांढरी दोनपर्यंत, एवढ्यात सगळं गाणं बसलं पाहिजे. बायका त्या सुरात गातात, पुरुष आपोआप एक सप्तक खाली. गाण्यातला सगळ्यात वरचा सूर शोधा, तो पांढरी दोनच्या वर असेल तर अख्खं गाणं खाली आणा. कीबोर्डला ट्रान्स्पोजचं बटण असतं. गिटारवाल्याला सांगा की कॅपो (गिटारच्या दांड्यावर लावायचा चिमटा) पट्टी वर नेतो, खाली नाही. खाली यायचं तर कॉर्डच बदलावे लागतात. खाली आणल्यावर कडवं ऐकूच येत नसेल तर ते गाणं समूहाचं नाही. एकानं गावं, बाकीच्यांनी ऐकावं.

एका संध्येत नवं गाणं एकच. बाकी सगळी येणारी. शिकवताना आधी शब्द तालात बोलून घ्या, मग एक ओळ तुम्ही, एक ओळ ते. डोंगरात नेटवर्क मिळत नाही, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ टाकून मोकळं होऊ नका. बाजाराच्या दिवशी मुलं खाली येतात तेव्हा ब्लूटूथनं द्या.

आपलं गाणं आपणच रचा

इथं घाई नको, कारण खरा कस इथं लागतो. गोव्यात राहून फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ख्रिस्तपुराण छापलं ते मराठी ओवीत. इंग्लंडातून आलेल्या माणसाला ओवी हवीशी वाटली. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग लिहिले. आणि आपल्या आसोद्याच्या बहिणाबाई तर जात्यावर बसून ओव्या रचत होत्या. इतकं सगळं घरात असताना आपली पोरं फक्त भाषांतरित गाणी म्हणत बसली तर वाईट वाटतं.

आम्ही एका जूनमध्ये बायबलातलं स्तोत्र १२१ घेतलं. डोंगराकडे नजर लावणारं स्तोत्र, सातपुड्याच्या पायथ्याशी बसून. पहिल्या गटानं लिहून आणलं: 'माझे साहाय्य आकाश व पृथ्वी यांच्या निर्माणकर्त्या परमेश्वराकडून येते.' अर्थ बरोबर, पण म्हणायला गेलं की जीभ अडखळते. मग सगळ्यांना बोटांवर अक्षरं मोजायला लावली. एका ओळीत आठ अक्षरं, बहिणाबाईंच्या घाटणीची. कोल्हापुराकडच्या फडावरून नुकताच परतलेला एक मुलगा म्हणाला, साहाय्य म्हणजे पाठीराखा ना? तिथून वाट मोकळी झाली:

डोंगराकडे मी पाहे
कोण माझा पाठीराखा
ज्यानं केलं हे आभाळ
तोच माझा खरा सखा

रात्रंदिन तोच जागा
त्याचा डोळा ना लागतो
चैताच्या ह्या उन्हामंदी
माझी सावली तो होतो

स्तोत्रात सावली आहेच, 'परमेश्वर तुझ्या उजव्या हाताला तुझी सावली आहे.' चैत्राचं ऊन आम्ही घातलं. धुळ्याकडच्या मुलानं 'माझा'च्या जागी 'मना' म्हटलं, 'कोन मना पाठीराखा', आणि ते अहिराणी झालं. अक्षरं तितकीच. पावरी बोलणाऱ्या मुलींनी आपल्या भाषेत बसवलं तेव्हा चालही बदलली, आणि ती आमच्या चालीपेक्षा गोड आहे.

हे करायचं तर क्रम असा ठेवा. स्तोत्र किंवा शुभवर्तमानातला छोटा उतारा निवडा. तिघा-चौघांनी तो आपल्या शब्दांत एकमेकांना सांगा, पुस्तक मिटून. जे शब्द तोंडून सहज आले ते लिहा. मग अक्षरं मोजा, मग यमक. चाल शेवटी, आणि चाल शोधायला आजीकडे जा. लग्नातल्या, जात्यावरच्या संथ चाली तिला येतात. शेवटी फादरांना दाखवा. असं गाणं निळ्या वहीतलं. मिस्सात प्रतिसाद स्तोत्राच्या जागी ते म्हणायचं नाही, कारण तिथं मान्यताप्राप्त पाठच लागतो.

हक्कांबद्दल थोडक्यात. आपल्या कायद्यात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतात. टिळक १९१९ मध्ये गेले, त्यांची गाणी मोकळी आहेत. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाणं म्हणायला कायद्यानं सूट आहे. पण दुसऱ्याच्या गाण्याचं भाषांतर करून ते रेकॉर्ड करणं, यूट्यूबवर टाकणं यात ती सूट धरू नका. आधी लेखी परवानगी घ्या. स्वतः रचलेलं असेल तर हा प्रश्नच येत नाही.

एक संध्याकाळ

महिन्यातून एकदा, साडेसहा ते आठ. आठच्या पुढे नको. शेवटची काळी-पिवळी निघून जाते आणि मुलींच्या घरून पुढच्या वेळी नकार येतो.

पहिली दहा मिनिटं दोन उत्साहाची गाणी, उभं राहून, टाळ्या ढोलकी सगळं. मग येत्या रविवारचं शुभवर्तमान, दोन भाषांत वाचलेलं. मग पाच-पाच जणांचे गोल करून पंधरा मिनिटं, एकच प्रश्न: या आठवड्यात कशामुळे झोप लागली नाही? भरतीत उंची एक सेंटिमीटरनं कमी पडली, कॉलेजची फी राहिली, घरचे लग्नाची घाई करतात, दुसऱ्या धर्मातल्या मुलावर मन बसलंय. गोल चालवणाऱ्यानं सल्ला द्यायचा नाही, फक्त ऐकायचं आणि ऐकलेलं तिथंच ठेवायचं. हे त्याला आधी शिकवून ठेवा. बोलायचं नसेल त्याला बोलायला लावू नका.

नंतर दिवे कमी करून पवित्र साक्रामेंताची आराधना, वीस-पंचवीस मिनिटं. इथं मोठी गाणी नकोत. फ्रान्समध्ये ब्रदर रॉजे यांनी १९४० मध्ये सुरू केलेल्या तेझे समुदायाची पद्धत आम्हाला फार उपयोगी पडली: एक-दोन ओळींचं गाणं, पुन्हा पुन्हा, हळू. नामस्मरणाची सवय असलेल्या मुलखात हे समजावून सांगावं लागत नाही. गाणं दहा वेळा म्हणा, मग वाद्य थांबवा, मग आवाज थांबवा आणि पाच मिनिटं पूर्ण शांतता. पहिल्या वेळी पाच मिनिटं लांबलचक वाटतात, कुणीतरी खोकतं, कुणाचा मोबाइल वाजतो. तरी ती कापू नका. आमच्या मुलांना नंतर विचारलं की काय आवडलं, तर सगळ्यात जास्त वेळा 'शांत बसलो ते' असंच उत्तर आलं. त्याच वेळी बाजूच्या खोलीत फादर पापस्वीकारासाठी बसलेले असतील तर काही जण आपोआप उठून जातात.

शेवटी मोकळ्या शब्दांत विनंत्या, मारियेचं एक गाणं, चहा आणि मुरमुऱ्याचा चिवडा. चहाची पंधरा मिनिटं वेळापत्रकात धरा. नवीन आलेल्याशी कोण बोलणार हे गाभ्यानं आधीच ठरवून ठेवावं.

आवाज, परवानगी आणि सांभाळ

चाळीस माणसांच्या खोलीला माईक लागत नाही. लागलाच तर स्पीकर माईकच्या पुढे ठेवा, मागे ठेवला की शिट्टी वाजते. गिटार पत्र्याखाली ठेवू नका, आपल्या मे महिन्यात तिचा ब्रिज (तारा बांधतात ती पट्टी) उचकटतो. पेटी कापडात गुंडाळून जमिनीपासून वर. लाइट जाणारच, म्हणून कीबोर्डवरच अवलंबून राहील असं एकही गाणं यादीत नको.

मोकळ्या मैदानात कार्यक्रम असेल तर ध्वनिक्षेपकाची परवानगी काढा. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. पत्रकावर स्वच्छ लिहा की हा आपल्या धर्मग्रामातल्या तरुणांचा कार्यक्रम आहे, आणि सरपंच, शेजारी यांना स्वतः जाऊन सांगा. आजकाल गैरसमज व्हायला वेळ लागत नाही, आणि शेजाऱ्याला आधी कळलेलं असलं तर तोच आपल्या बाजूनं बोलतो.

सांभाळाच्या बाबतीत हयगय नको. अठराच्या आतला कुणी असेल तर पालकांची लेखी संमती, आणि पोक्सो (बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा) कायदा गाभ्यातल्या प्रत्येकाला माहीत असलाच पाहिजे. प्रवासात, मुक्कामी, सरावाला नेहमी दोन मोठी माणसं, त्यांत एक बाई. मुलींना रात्री एकेकटे मेसेज पाठवायचे नाहीत, जे काही ते ग्रुपवर. कुणी काही सांगितलं तर ते झाकायचं नाही, त्याच दिवशी जबाबदार व्यक्तीला कळवायचं. एखाद्या वेळी गाणं चुकलं तरी चालेल, पण इथं एकदाही चुकायचं नाही.

दुसरं वर्ष

पहिलं वर्ष उत्साहात जातं. दुसऱ्या वर्षी गिटारवाल्याला सुरतला नोकरी लागते, चांगलं गाणारीचं लग्न होतं, आणि गट बसतो. आमचाही बसला होता, पाच महिने. त्यातून एक नियम केला: प्रत्येक काम दोघांना यायला हवं. संध्या चालवायला दर तिसऱ्या महिन्यात नवा माणूस उभा करायचा, पहिल्या वेळी अडखळला तरी. बाहेर गेलेल्यांची नावं वहीतून खोडायची नाहीत. सुरत, नाशिक, पुणे, जिथं असतील तिथल्या जवळच्या चर्चची आणि मिस्साच्या वेळेची चिठ्ठी त्यांना पाठवायची, ते आलेत असं तिथल्या फादरांना कळवायचं.

आणि ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी ती नोव्हेंबरची संध्या. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये तरुणांना उद्देशून जे पत्र लिहिलं त्यात संगीताबद्दल बोलताना संत ऑगस्टीन यांचं सांगणं घेतलं आहे: गा, पण चालत राहा, वाट सुसह्य व्हावी म्हणून गा. आम्ही ते कागदावर लिहून वाचतो. मग जाणाऱ्या प्रत्येकाच्या हाती निळ्या वहीतल्या सहा गाण्यांची घडी घातलेली प्रत देतो, प्लास्टिकच्या पिशवीत, म्हणजे फडातल्या दवानं भिजणार नाही. सहाही गाणी वाद्याशिवाय म्हणता येणारी, सगळी पांढरी एक ते वरच्या पांढरी एकमधली. कोपीवर (फडाजवळच्या झोपडीत) रविवारी संध्याकाळी एक गाणं, एक शुभवर्तमान, 'आमच्या स्वर्गीय पित्या' आणि उरलेली पाच मिनिटं शांत, एवढंच सांगतो. गेल्या वेळी एका टोळीत तिघं होते. मे महिन्यात परतले तेव्हा त्यांनी सातवं गाणं आणलं होतं, कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलेलं, मावचीत. ते आता निळ्या वहीत आहे.